आगीच्या टाकीतले पाणी पाचव्या दिवशी कुठे जाते?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी सोलापुरातल्या एका सूतगिरणीत पंप खात्यात सव्वीस वर्षे नोकरी केली. आता जुळे सोलापुरात आठ मजली इमारतीत राहतो. फ्लॅट चाळीस. 'काका, तुम्ही पंपातले माणूस' म्हणून सोसायटीने पाण्याचे काम माझ्याकडे दिले आणि मीही आनंदाने घेतले. पण गेल्या एप्रिलमध्ये जे पाहिले, ते सगळ्या शहरासमोर मांडावे असे वाटले, म्हणून हे पत्र.

रात्रीचे साडेअकरा वाजले असतील. पार्किंगच्या कोपऱ्यात कुणीतरी टाकलेल्या जुन्या गाद्या आणि खोकी पेटली. धूर जिन्यातून वर चढू लागला. मी पहिल्या मजल्यावरच्या होजरीलचा, म्हणजे चाकावर गुंडाळलेला आग विझवण्याचा पाइप ओढत खाली आणला, चावी उघडली, नोझल फिरवले. आधी नुसती हवा आली. मग ओंजळभर तांबूस, गंजाचे पाणी आले आणि तेही थांबले. आग विझली ती वाळूच्या बादल्यांनी, आग विझवायच्या दोन सिलिंडरमधल्या पावडरीने आणि खालच्या मजल्यांवरच्या बायकांनी घरातून उचलून आणलेल्या हंड्या-कळश्यांनी. चार दिवस पुरवून वापरायचे म्हणून भरून ठेवलेले पाणी त्यांनी घटकाभरात ओतले. अग्निशमन दलाची गाडी आली तोवर गाद्या नुसत्या धुमसत होत्या. कुणाला इजा झाली नाही, हे नशीब.

लगेच बॅटरी घेऊन गच्चीवर गेलो. तिथल्या टाकीचे दोन कप्पे आहेत, एक वापराच्या पाण्याचा, एक आगीसाठी. मधल्या भिंतीत तळाशी दोन्ही कप्पे जोडणारी एक चावी आहे, टाकी धुताना उपयोगी पडावी म्हणून बसवलेली. आजूबाजूच्या सगळ्या चाव्यांवर गंज चढला होता. या एका चावीचे चाक मात्र हात लागून लागून चकचकीत झाले होते, आणि ती पूर्ण उघडी होती. आगीच्या कप्प्यात तळाला चार बोटे गाळ होता.

वॉचमनला विचारले तर तो म्हणाला, "काका, पाचव्या दिवशी टाकी संपती. लोकं खाली येऊन भांडत्यात. मी काय करू?" त्याला दोष द्यायला माझी जीभ रेटली नाही. त्याचे म्हणणे किती खरे आहे, ते हिशेब मांडल्यावर कळले.

राष्ट्रीय इमारत संहितेत माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी धरतात. चाळीस घरे, घरटी पाच माणसे, म्हणजे दोनशे माणसांना रोज २७,००० लिटर. त्याच संहितेप्रमाणे १५ ते ३५ मीटर उंचीच्या निवासी इमारतीच्या गच्चीवर आगीसाठी २५,००० लिटर पाणी राखून ठेवायचे असते आणि त्यावर मिनिटाला ९०० लिटर फेकणारा पंप बसवायचा असतो. हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. आगीसाठी राखलेले पाणी म्हणजे आमच्या इमारतीची जवळजवळ बरोबर एका दिवसाची गरज. सोलापुरात चार-पाच दिवसांआड नळाला पाणी सुटते. ते आणखी एक दिवस लांबले की जेवढे पाणी कमी पडते, नेमके तेवढेच पाणी आगीच्या कप्प्यात दिसते. मग चावी उघडणारा हात कोण अडवणार?

आणि तेच पाणी पंप चालू झाल्यावर अठ्ठावीस मिनिटे पुरते. गाडी येईपर्यंत, होज जोडेपर्यंत, वरच्या मजल्यावरची म्हातारी माणसे खाली आणेपर्यंत एवढाच वेळ आपल्या हातात असतो.

पाणी रोज सुटत असलेल्या शहरात ही चूक एखाद्या वेळी पोटात घालता येईल, कारण रस्त्याखालच्या नळाला सतत दाब असतो आणि तिथून काहीतरी मदत मिळते. आपल्याकडे पाळीचा दिवस सोडला तर त्या पेठेची नळवाहिनी रिकामीच असते. उजनीचे पाणी शंभराहून अधिक किलोमीटर प्रवास करून येते, शिवाय टाकळी आणि हिप्परगा इथूनही पाणी मिळते, समांतर जलवाहिनीचेही काम झाले. पण घराच्या नळाला रोज पाणी येत नाही तोवर इमारतीच्या हौदात आणि गच्चीवर जे साठले असेल, तेवढ्यावरच आग विझवायची. दलाच्या गाडीतले पाणी काही हजार लिटर असते, ते मिनिटांत संपते आणि गाडी पुन्हा भरायला पळते. १८ मे २०२५ ला अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत टॉवेल कारखान्याला आग लागून आठ जीव गेले. जवानांना तासन्‌तास झुंजावे लागले. तो दिवस आठवला की आजही मन सुन्न होते.

गिरणीत मी शिकलो ते सांगतो. कापूस कधी पेटेल याचा नेम नसतो, म्हणून तिथे आगीच्या टाकीला हात लावणे म्हणजे मोठा गुन्हा समजत. टाकीवर लाल पट्टा होता आणि पाणी त्याच्या खाली गेले की जॉबरपासून मॅनेजरपर्यंत सगळे जाब विचारायचे. पण त्याहून महत्त्वाची होती पाइपची मांडणी. वापराचा पाइप टाकीच्या तळाला जोडलेलाच नव्हता. तो लाल पट्ट्याच्या उंचीवर काढलेला होता. पाणी पट्ट्यापर्यंत उतरले की वापराचा नळ आपोआप कोरडा. माणसाच्या भल्या-बुऱ्या मनावर काही सोडलेच नव्हते.

हेच नव्या अपार्टमेंटमध्ये करता येते आणि त्याला फार खर्च येत नाही. हौदातून वर चढवलेले पाणी आधी आगीच्या कप्प्यात पडावे. तो काठोकाठ भरला की मधल्या भिंतीवरून ओसंडून वापराच्या कप्प्यात यावे. तळाशी जोडचावी नसावी, धुण्यासाठी प्रत्येक कप्प्याला स्वतंत्र ड्रेन द्यावा. असे केले की आगीचा कप्पा सदैव भरलेला राहतो, पाणी रोज बदलते म्हणून कुजत नाही, डास होत नाहीत, आणि 'पाणी खराब झाले होते म्हणून सोडले' हे कारणही उरत नाही.

पण नुसती टाकी नीट करून भागायचे नाही, हे मला नंतर उमगले. तहानलेल्या माणसासमोर भरलेली टाकी किती दिवस टिकेल? मूळ दुखणे खालच्या हौदात आहे. आमच्या इमारतीला पाच दिवसांचे १,३५,००० लिटर लागते आणि हौद आहे ५०,००० लिटरचा. पाणी रोज येणार असे गृहीत धरून नकाशा काढल्यासारखा. बाकीचे बोअर आणि टँकर. मे महिन्यात बोअरला धाप लागते आणि टँकरवाला उद्या येतो म्हणतो. नकाशा मंजूर करतानाच त्या भागात किती दिवसांआड पाणी येते ते विचारात घेऊन हौदाचे माप ठरवायला हवे. जोत्याचे काम सुरू असताना मोठा हौद सहज होतो. लोक राहायला आल्यावर पार्किंग खोदून तो वाढवणे म्हणजे नाकी नऊ येतात.

तपासणीबद्दलही बोललेच पाहिजे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ प्रमाणे इमारतीच्या मालकाने किंवा भोगवटादाराने दर जानेवारी आणि जुलैमध्ये आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक एजन्सीचे 'फॉर्म बी' प्रमाणपत्र द्यायचे असते. आमच्याकडेही ते होते, सही-शिक्क्यासह फाइलला लावलेले. ती फाइल कपाटात असताना पंपाचे पॅनल 'ऑफ' वर होते. लाइनमधला दाब टिकवणारा छोटा जॉकी पंप सारखा चालू-बंद होतो आणि वीजबिल वाढते म्हणून कुणीतरी ते बंद केले होते. पंप सारखा चालू होतो याचा अर्थ लाइनमध्ये कुठेतरी गळती आहे. आमच्या बाबतीत ती तिसऱ्या मजल्यावरच्या व्हॉल्व्हच्या पॅकिंगमध्ये निघाली. अर्ध्या तासाचे काम होते. ते केले नाही म्हणून अख्खी यंत्रणा झोपवून ठेवली.

माझी महापालिकेला कळकळीची विनंती आहे. भोगवटा प्रमाणपत्र देण्याआधी अधिकाऱ्यांनी गच्चीवर यावे, वापराचा कप्पा नळ सोडून रिकामा करायला लावावा आणि आगीच्या कप्प्यातली पातळी बोटभरही उतरते का ते डोळ्यांनी पाहावे. मग सर्वांत वरच्या मजल्याचा होज उघडून पाणी किती लांब जाते ते बघावे. पुढच्या तपासण्यांतली निदान एक एप्रिल-मेमध्ये, पाणी सुटण्याच्या आदल्या दिवशी, न सांगता व्हावी. खरी परिस्थिती त्याच दिवशी दिसते.

घर घेणाऱ्यांनाही हात जोडून सांगतो. आपण किचनचा ओटा बघतो, वास्तू बघतो, दाराची दिशा बघतो. बुकिंगच्या आधी एकदा हौदाचे झाकण उघडायला लावा, बांधकाम पूर्ण होत आले की गच्चीवर जा, आणि वापराचा पाइप टाकीच्या कुठल्या उंचीवरून निघालाय ते बघा.

आमच्या सोसायटीने जूनमध्ये ती जोडचावी काढून भोकाला कायमचा प्लग मारला. वापराचा पाइप वेगळा केला, पाणी ओसंडून येईल अशी मांडणी केली, पॅनल 'ऑटो' वर टाकले आणि त्याची किल्ली अध्यक्षांकडे दिली. घरटी वर्गणी काढावी लागली, दोन बैठकांत आवाज चढले. एक ताई म्हणाल्या, "प्यायला पाणी नसताना डोक्यावर टाकी भरून ठेवायची?" त्यांचा राग समजतो, त्यांच्या घरात तान्हे बाळ आहे. त्यांच्यासाठी आणि सगळ्यांसाठीच पाचव्या दिवसाचा एक टँकर आता आधीच सांगून ठेवतो. जुलैत एका रविवारी आठव्या मजल्याचा होज उघडला, तेव्हा त्याच ताई बाळाला कडेवर घेऊन बघायला आल्या होत्या. पाणी गॅलरीतून पार समोरच्या रस्त्यापर्यंत गेले.

आमची गच्ची आणि टाकी कुणाला पाहायची असेल, नवीन इमारतीच्या बिल्डरला किंवा दुसऱ्या सोसायटीच्या सेक्रेटरींना, तर मी स्वतः दाखवीन.

आपला विश्वासू,
एक निवृत्त पंप कामगार
जुळे सोलापूर