शेवट कापलेला सिनेमा

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र परवा मिळालं आणि तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय. लेकीने 'नॉर्दर्न लाइट्स' वाचून संपवलं, पुस्तक उशाशी पालथं घातलं आणि दोन दिवस ती धड जेवली नाही, बोलली नाही, असं तू लिहिलंयस. तिने तुला एकच प्रश्न विचारला, "बाबा, लायराला आधी कळायला हवं होतं का?" तू पुस्तक वाचलेलं नाहीस, त्यामुळे तुला काही उत्तर देता आलं नाही. आता शनिवारी तिला त्यावरचा चित्रपट दाखवावा, म्हणजे तिचं मन जरा हलकं होईल, असा तुझा बेत आहे.

या शनिवारी दाखवू नकोस, अशी माझी विनंती आहे. का, ते नीट सांगायचं तर पुस्तकाचा शेवट तुला सांगावा लागेल. एरवी मी कुणाला शेवट सांगत नाही, तुला ठाऊक आहे. पण लेक त्या शेवटात अडकलेली असताना तू दाराबाहेर उभं राहून कसं चालेल?

फिलिप पुलमन यांचं हे पुस्तक १९९५ सालचं. त्यातल्या जगात माणसाचा आत्मा शरीराच्या बाहेर असतो, एखाद्या प्राण्याच्या रूपात, कायम बरोबर. त्याला म्हणतात डीमन. मुलांचे डीमन सारखे रूप पालटतात, आत्ता चिमणी तर घटकेत रानमांजर. वयात आलं की त्याचं एक रूप ठरतं आणि मग ते बदलत नाही. बाराव्या वर्षी हे वाचणाऱ्या मुलीला ते किती जवळचं वाटत असेल, विचार कर. तिचं स्वतःचं काहीच अजून ठरलेलं नाही, आणि सगळं ठरायची वेळ दारात येऊन उभी आहे.

त्या गोष्टीत मुलं पळवली जातात आणि उत्तरेकडे नेऊन त्यांना त्यांच्या डीमनपासून कापून वेगळं केलं जातं. गोष्टीची नायिका लायरा, तिला असा एक मुलगा सापडतो. त्याचा डीमन गेलाय, आणि त्या जागी त्याने एक सुकलेला मासा छातीशी घट्ट धरलाय. तो रात्रीतून मरतो. मोठी माणसं तो मासा काढून घेऊन कुत्र्यांपुढे टाकतात, आणि लायरा त्यांच्यावर संतापते, कारण त्या पोराकडे तेवढंच उरलं होतं. मग ती एका सोन्याच्या नाण्यावर त्याच्या डीमनचं नाव कोरते आणि ते नाणं त्याच्या तोंडात ठेवते. मी हे पान पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून खोलीत येरझाऱ्या घातल्या होत्या. चित्रपटात त्या मुलाच्या जागी दुसरा मुलगा आहे, आणि तो जिवंत आईच्या कुशीत पोचतो.

आता शेवट. लायराला वाटत असतं की आपल्या वडिलांना आपल्याजवळचं सत्य सांगणारं यंत्र हवंय. ते पोचवायला ती बर्फ तुडवत त्यांच्यापर्यंत जाते. बरोबर असतो रॉजर, तिचा जिवलग, ज्याला तिने स्वतः कैदेतून सोडवून आणलेलं असतं. पण वडिलांना यंत्राची गरजच नसते. त्यांना हवं असतं एक मूल. मूल आणि डीमन यांना तोडताना जी शक्ती सुटते, तिच्यावर त्यांना दुसऱ्या जगाची वाट उघडायची असते. रॉजर मरतो. त्याला तिथवर घेऊन आलेली असते लायराच, जिवावर उदार होऊन, प्रेमापोटी. तुझ्या लेकीचा प्रश्न इथला आहे.

आणि २००७ साली आलेल्या 'द गोल्डन कंपास' या चित्रपटात हे काहीच नाही. शेवटची प्रकरणं चित्रित झाली होती, पण ती काढून पुढच्या भागासाठी राखून ठेवली, आणि पुढचा भाग कधी बनलाच नाही. चित्रपट संपतो तेव्हा लायरा आणि रॉजर हवाई फुग्याच्या जहाजातून निघालेले असतात, समोर मोकळं आकाश, मनात उमेद. त्यातलं चिलखत घातलेलं पांढरं अस्वल अप्रतिम आहे, दृश्य परिणामांसाठी त्याला ऑस्कर मिळालं ते योग्यच झालं. पण ज्या मुलीने दोन दिवस रॉजरसाठी शोक केला, तिला तू ते फुग्यातलं दृश्य दाखवणार. ती काय समजेल? ज्यासाठी मी रडले ते घडलंच नाही, असंच ना? मला तर हा तिच्या रडण्याचा अपमान वाटतो. तू तिच्या भल्यासाठीच करतोयस, हे कळतं मला. तरीही.

या प्रकारची पुस्तकं मी इतकी वर्षं वाचतोय, त्यांवरचे सिनेमेही आवर्जून बघतोय. लोक सिनेमावर चिडतात ते बहुधा अमुक प्रसंग गाळला, तमुक पात्र नाही, केसांचा रंग वेगळा, म्हणून. त्यांचा राग मला समजतो, पण माझं दुखणं निराळं आहे. कुमारांसाठीच्या चांगल्या अद्भुत कादंबरीत जादू फुकट मिळत नाही, तिची किंमत मोजावी लागते, आणि ती मोजणारं मूल आपल्याच वयाचं असतं. पडद्यावर बऱ्याचदा जादू सगळी येते, झगमगीत येते, आणि किंमत तेवढी माफ होते.

मिखाएल एंडे यांची 'द नेव्हरएंडिंग स्टोरी' घे. मूळ जर्मन पुस्तक १९७९ चं, आणि दोन रंगांच्या शाईत छापलेलं: आपल्या जगातली गोष्ट एका रंगात, त्या कल्पनेच्या राज्यातली दुसऱ्या. सिनेमा १९८४ चा. मी लहानपणी आधी सिनेमा पाहिला आणि उडत्या ड्रॅगनच्या प्रेमात पडलो. बास्टियन नावाचा मुलगा पुस्तक वाचता वाचता त्या राज्याला वाचवतो, त्याला हव्या तेवढ्या इच्छा मागता येतात, आणि तो ड्रॅगनवर बसून आपल्याला छळणाऱ्या पोरांना पळवून लावतो. संपलं. पुस्तक हातात आलं ते फार नंतर. तेव्हा कळलं की सिनेमा संपतो तिथे पुस्तक जेमतेम अर्धं झालेलं असतं.

उरलेल्या अर्ध्यात काय आहे, ऐक. बास्टियनची प्रत्येक इच्छा पुरी होते, आणि प्रत्येक इच्छेपायी त्याची एक आठवण पुसली जाते. आपण जाडे होतो, हे तो विसरतो. मग शाळा विसरतो. मग आई-वडील. शेवटी तो एका खाणीत उतरतो, जिथे माणसांची विसरलेली स्वप्नं चित्रांच्या रूपात थरांवर थर साठलेली असतात, आणि दिवसच्या दिवस अंधारात चाचपत एक चित्र शोधतो. सापडतं ते असं: पांढरा कोट घातलेला एक माणूस, हातात दातांचा प्लास्टरचा साचा, चेहरा उदास, आणि त्याच्याभोवती काचेसारखा पारदर्शक बर्फाचा ठोकळा. तो त्याचा बाप आहे, दातांच्या कवळ्या बनवणारा, बायको गेल्यापासून गोठून गेलेला. बास्टियनला तो ओळखू येत नाही. पण त्या अनोळखी माणसाची त्याला ओढ लागते.

हे पान ज्याच्या हाती लागलं नाही, त्याला मी ही गोष्ट माहीत आहे असं म्हणू देत नाही. एंडे यांना तो सिनेमा मुळीच रुचला नव्हता, आपलं नाव काढून टाका इथपर्यंत त्यांची मागणी होती. पूर्वी मला वाटायचं, लेखक हट्टी असतात. आता वाटतं, त्या बर्फातल्या बापाला बाहेरच ठेवलं म्हटल्यावर माणूस दुसरं काय करणार?

पण सिनेमा म्हणजे पातळ केलेलं पुस्तक, असं माझं मत आहे असं समजू नकोस. डायना विन जोन्स यांची 'हाउल्स मूव्हिंग कॅसल' १९८६ ची आणि हायाओ मियाझाकी यांचा चित्रपट २००४ चा. मियाझाकींनी कथानकाची इतकी मोडतोड केली की काही ठिकाणी गोष्ट ओळखू येत नाही. पुस्तकात हाउल वेल्सचा आहे, चित्रपटात त्याचा मागमूस नाही. चित्रपटभर युद्ध पेटलंय, पुस्तकात ते असं नाही. आणि तरी मला दोन्ही सारखेच प्रिय आहेत.

कारण सांगतो. तरुण सोफीला शाप लागतो आणि ती म्हातारी होते. पुस्तकात हाउल तिला सांगतो की मी शाप उतरवायचा प्रयत्न केला, पण तुलाच त्या रूपात राहायचं होतं असं दिसतंय. हे एक वाक्य पडद्यावर कसं दाखवायचं? मियाझाकी सोफीचं वय हलतं ठेवतात. ती झोपली की चेहऱ्यावरच्या सुरकुत्या मिटतात. हाउलची बाजू घेऊन ती राजवाड्यात बोलायला लागते, आणि बोलता बोलता पाठ सरळ होते, आवाज कोवळा होतो. हाउल तिला सुंदर म्हणतो आणि ती त्याच क्षणी पुन्हा म्हातारी होते. कुणी काही समजावून सांगत नाही. शेवटी ती तरुण होते, पण केस चंदेरीच राहतात. पुस्तकात सोफीचे केस तांबूस सोनेरी. हा बदल दिग्दर्शकाचा, आणि मला तो पुस्तकाशी इमान राखणारा वाटतो. जे सोसलं त्याची खूण अंगावर राहिली.

पर्सी जॅक्सनचं थोडक्यात सांगतो, कारण लेकीच्या यादीत तो पुढचा आहे असं तू लिहिलंयस. पहिलं पुस्तक २००५ चं, त्यात पर्सी बारा वर्षांचा. २०१० च्या सिनेमात तो चांगला सोळा-सतरांचा होऊन आला, आणि देवांच्या भांडणात ओढल्या गेलेल्या लहानग्याची सगळी घालमेलच गेली. २०२३ मध्ये आलेल्या मालिकेत तो परत बाराचा झाला. ती दाखव, पण पुस्तकानंतर.

आता आपलं. हॅरी पॉटरचं ते अझ्काबानचं पुस्तक आपल्या दोघांत एकच होतं, आठवतं? जिन्याच्या पायरीवर बसून एकत्र वाचायचो. तू माझ्यापेक्षा भरभर वाचायचास आणि पानाचा खालचा कोपरा अंगठ्याखाली धरून थांबायचास, माझी शेवटची ओळ होईपर्यंत. तो कोपरा प्रत्येक पानावर किंचित मळला होता. ती प्रत अजून माझ्याकडे आहे.

२००४ मध्ये सिनेमा आला तेव्हा तुझे बाबा जाऊन वर्ष झालं नव्हतं. तळ्याकाठचं दृश्य तुला आठवत असेलच. हॅरीने एकदा पैलतीरावर कुणालातरी पाहिलेलं असतं, आणि त्याची खात्री असते की ते आपले वारलेले वडील. काळात मागे जाऊन तो झुडपाआड उभा राहतो, त्यांची वाट बघत. कुणी येत नाही. अखेर त्याला उमगतं की पाहिलं ते स्वतःलाच, आणि तो पुढे होऊन मंत्र म्हणतो. चित्रपटाने तिथे घाई केली नाही. तो नुसता उभा आहे, बघतोय, आणि कुणी येत नाहीये.

बाहेर पडल्यावर तू वाटभर तणतणत होतास. जादूचा नकाशा बनवणारे ते चौघे कोण हे सांगितलंच नाही, मग त्या मंत्रातून उमटणाऱ्या हरणाचा अर्थ पुस्तक न वाचलेल्याला कळणार कसा! तुझं बरोबर होतं, आजही मी त्या बाबतीत तुझ्याच बाजूने आहे. पण वळणावर निरोप घेताना तू थांबलास आणि म्हणालास, "तो स्वतःच होता, नाही का रे." एवढंच. पुस्तक वाचून तुला हे चार वर्षांपूर्वीच माहीत होतं. तरी तू ते त्या रात्री पहिल्यांदा म्हणालास. त्या दिवसांत सगळे तुला हसवायच्या मागे होते, मीही. त्या सिनेमाने तसं केलं नाही.

म्हणून लेकीसाठी माझं सांगणं असं. आधी तू 'नॉर्दर्न लाइट्स' वाच. रोज रात्री थोडं वाचलंस तरी होईल. माशाच्या पानापर्यंत आलास की तिला सांग, मी इथवर आलोय. ती आपण होऊन बोलेल, बघ. शेवट वाचून झाला की मग दोघं मिळून या पुस्तकावरची २०१९ ची मालिका, 'हिज डार्क मटेरियल्स', बघा, तिचा पहिला भागसंच शेवटापर्यंत जातो, डोळे फिरवत नाही. पण तेही लगेच नको. सध्या तिच्या मनातल्या लायराला तिने स्वतः दिलेला चेहरा आहे. नटीचा चेहरा एकदा बसला की तो पुन्हा मिळत नाही. माझ्या मनातला पहिला हॅरी कसा दिसायचा, मी कितीदा आठवून पाहिलं. डोळे हिरवे होते, इतकंच आठवतं. तिला तो चेहरा आणखी थोडे दिवस राहू दे.

तिच्या प्रश्नाचं उत्तर मलाही तू विचारलं आहेस. लायराला कळायला हवं होतं का? तिच्या हातात सत्य सांगणारं यंत्र होतं, विचारलं असतं तर कळलं असतं. पण आपल्याच बापाबद्दल असा प्रश्न विचारायचं बारा वर्षांच्या पोरीला सुचेल कसं? मी इथवर येतो आणि थांबतो. तिला हेच सांग, की काकाही इथेच थांबलाय.

पुढचा भाग, 'द सटल नाइफ', माझी स्वतःची प्रत या पत्राबरोबर पाठवतोय. तिच्या हाती लगेच देऊ नकोस, समोरच्या फळीवर दिसेल असा ठेव. मागेल तेव्हा देशील. आणि ते अझ्काबानही पाठवतोय, तुझ्यासाठी. कोपरे बघ.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
जिन्यावरचा सोबती