चालकांच्या खाजेकडेही बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

हापूसचा सीझन लागला की मुंबई-गोवा महामार्गावरच्या रात्रीच्या अपघातांच्या बातम्या येतात आणि त्यात 'चालकाला डुलकी लागली असावी' हे वाक्य ठरलेलं. मी देवगडहून वाशी मार्केटला आंब्याच्या पेट्या नेतो. डुलकी लागते, नाही म्हणत नाही. पण या लायनीतल्या कितीतरी जणांचं लक्ष खाजेनं उडालेलं असतं, आणि ते कुठल्या पंचनाम्यात येत नाही.

एप्रिल-मेचा दमटपणा, केबिनमध्ये इंजिनाची धग, घामानं चिकटलेली पँट आणि रात्रभर एकच बैठक. जांघेत नायटा व्हायला आणखी काय लागतं? पेट्या चढवताना, ताडपत्री आवळताना त्याची आठवणही नसते. राजापूर गेलं, रस्ता मोकळा मिळाला, की सुरू! नजर समोरच असते, पण पुढच्या ट्रकची लाल बत्ती पेटली हे डोक्यात शिरायला वेळ लागतो. दाढदुखी घेऊनही मी गाडी मारलीय. तेव्हाही लक्ष अर्धं दाढेतच, पण हात स्टिअरिंगवर राहतात, उलट पकड घट्ट होते. खाज हातच काढून घेते. परशुराम घाटात डावा हात गिअरवर हवा, तेव्हा तो मांडीवर असतो.

कणकवलीच्या एका त्वचारोगतज्ज्ञ मॅडमनी मला नीट समजावलं. दुखलं की आपण अंग मागे घेतो, खाजलं की नख तिथे नेतो. खाजवताना जे थोडं दुखतं त्यानं खाज घटकाभर दबते, म्हणून बरं वाटतं. 1660 साली हाफेनरेफर नावाच्या जर्मन वैद्यानं खाजेची व्याख्याच 'खाजवावंसं वाटायला लावणारी नकोशी संवेदना' अशी करून ठेवलीय. रात्री ती आणखी जोर करते. (खाजेचं नुसतं बोलणं निघालं तरी खाज सुटते. हे वाचताना तुमचा हात कुठे गेला असेल तर दोष माझा नाही.)

आता औषधाची गंमत बघा. नाक्यावरच्या मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय ट्यूब मिळते. तिच्यात स्टेरॉइड असतं. दोन दिवस लाली आणि खाज गायब, ज्या बुरशीनं नायटा होतो ती मात्र आत पसरत राहते. खाजेवरची गोळी मागितली तर क्लोरफेनिरामिनसारखी जुन्या पिढीतली गोळी हातात पडते. तिनं झोप येते. म्हणजे खाज घेऊन चालवा, नाहीतर पेंगत चालवा! 'ह्या खाऊन गाडी चालवू नको' असं काउंटरवरून मला तरी कोणी सांगितलेलं नाही.

रस्ता सुरक्षेच्या शिबिरात आमचे डोळे तपासतात, चष्मे देतात, चांगलं आहे. तिथेच पडद्याआड एक त्वचारोगतज्ज्ञ बसवावा. पडदा हवाच, कारण चार माणसांत जांघेचं दुखणं कोण दाखवणार? झोप आणणाऱ्या गोळीच्या पाकिटावर मराठीत ठळक सूचना असावी. आणि बागायतदारांना विनंती की नायट्याचा उपचार काही आठवडे सलग घ्यावा लागतो, तेवढ्यात चालकाला सुटी मागावी लागली तर 'साध्या खाजेसाठी?' म्हणून हसू नये.

आपला,
एक टेम्पोचालक, जामसंडे, ता. देवगड