बाबा, अंतर ठेवायला जमत नाही

तीर्थस्वरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा रेंज गेली आणि बाबांचं बोलणं अर्धंच राहिलं. "आता तू तालुका आरोग्य अधिकारी. चार हात लांब राहा, नाहीतर लोक डोक्यावर बसतात," इथपर्यंत ऐकू आलं. म्हणून हे पत्र.

बाबा, पंचायत समितीत तुमची हयात गेली, तुमचा शब्द सहसा मोडत नाही. पण मेळघाटात सरकारी माणूस आणि गाव यांच्यात आधीच इतकं अंतर आहे की त्यात माझी भर नको.

महिन्याच्या आढावा बैठकीची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. साहेब खुर्चीत, आकड्यांचं वाचन, आणि ज्याचं टार्गेट कमी त्याची सगळ्यांदेखत खरडपट्टी. त्याने आकडे सुधारतात, बाळांची वजनं नाही. मी सुरुवात आशाताईंपासून करते: या महिन्यात कुठलं घर जड गेलं?

मागच्या वेळी एक कोरकू आशाताई उठल्या. आठवड्याचं बाळ, दूध ओढेना. त्यांनी अंगावरचं कापड बाजूला करून पोटाची हालचाल बघत मिनिटभर श्वास मोजले. अडुसष्ट. साठ किंवा जास्त म्हणजे धोका, हे त्यांना पाठ. घरात भुमकाला, म्हणजे कोरकूंच्या पारंपरिक वैदू-मांत्रिकाला, बोलावणं गेलेलं. ताई भांडल्या नाहीत. भुमकालाच म्हणाल्या, "तुम्हीही चला," आणि 108 मध्ये बाळ, आई, आजी, भुमका सगळे बसवले. बाळ वाचलं. मला हे सुचलं नसतं.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी 39 गावांत अशाच गावातल्या बायकांना शिकवून नवजात बाळांचे मृत्यू 62 टक्क्यांनी कमी करून दाखवले. 1999 मध्ये ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. आज देशभर आशाताई बाळाच्या बेचाळिसाव्या दिवसापर्यंत घरी जातात, त्याचं मूळ तिथे आहे. मग अशा बाईला बैठकीत मागच्या रांगेत का बसवायचं?

आणि खरं सांगू? त्यांना माझ्या गोड बोलण्यापेक्षा वेळेवर मिळालेला मोबदला जास्त कळतो. त्यांना पगार नाही, थोडं मानधन आणि बाकी कामागणिक पैसे. बिल टेबलावर पडून राहिलं की पोरांच्या वह्या अडतात. दुसऱ्याचं बिल आधी काढायचं, हे मी तुमच्याकडूनच उचललंय, बाबा. तेव्हा अंतराचा सल्ला तुम्ही स्वतः किती पाळलात, ते आईला विचारते!

ढिलाई मात्र नाही हं. वजनाच्या खोट्या नोंदी करणाऱ्या एकाला नोटीस मीच काढली. तो अजून रुसलेला आहे, रुसू दे.

नाशिकला दवाखाना टाकायचा विषय तूर्त नको. बदली होईल तेव्हा होईल.

आई, बरं वाटतंय म्हणून बीपीची गोळी परस्पर बंद करू नकोस. आणि बाबा, तिच्या गोळ्या संपायच्या आधी आणून ठेवा. पावसात रस्ता राहिला तर पोळ्याला येते.

तुमची,
मनू