नाना, तुमचं म्हणणं कागदावर येऊ द्या

ती. नानांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

दादा, हे पत्र तू स्वतः वाचून दाखव. सावकाश, टीव्ही बंद करून, आणि वहिनीलाही जवळ बसव.

नाना, तुमचा केळीच्या बागेतला व्हिडिओ बघितला. काठी डाव्या हातात, उजवा पाय अजून ओढतोय, पण पाणी कुठे तुंबलंय ते तुम्ही सालदाराला नीट सांगत होतात. शब्द पुन्हा यायला लागलेत, म्हणूनच हे आत्ता लिहितेय: पुढे कधी बोलता आलं नाही तर कोणते उपचार हवेत आणि कोणते नकोत, ते तुम्ही आत्ताच कागदावर लिहून ठेवावं.

लकवा झाला त्या रात्री दवाखान्याच्या जिन्यात काय चाललं होतं, ते तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. गरज पडली तर श्वासाचं मशीन लावायचं का, असं दादाला विचारलं. काका म्हणाले, आता त्यांचे हाल नकोत. आत्या म्हणाली, शेत विका पण सगळं करा. दोघांचाही तुमच्यावर जीव आहे. तुम्ही आत जागे होतात, आणि तुम्हाला मात्र कुणी विचारलं नाही. मशीनची वेळ आली नाही हे आपलं नशीब.

इथे बर्मिंगहॅमला माझ्या वॉर्डात सगळे लकव्याचेच पेशंट असतात. वाचा गेली म्हणजे समज गेली असं नसतं, हे मी रोज बघते. बोलता येत नाही त्यांच्यासमोर आम्ही चित्रांची कार्डं धरतो: घर, दवाखाना, नळी. एक कार्ड, एक प्रश्न, आणि मग थांबायचं. कुणी बोट ठेवतं, कुणी नुसती पापणी मिटतं, त्याला वेळ लागतो. माणसाला ठरवता येत नाही असं सिद्ध होईपर्यंत त्याला ठरवता येतं असंच धरायचं आणि त्यासाठी लागेल ती मदत करायची, असा इथला 2005 चा कायदाच आहे.

आपल्याकडेही सोय आहे. सुप्रीम कोर्टाने 9 मार्च 2018 ला असा इच्छेचा कागद मान्य केला आणि 24 जानेवारी 2023 ला त्याची पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करायची आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घ्यायचं. मॅजिस्ट्रेटसमोर जावं लागत नाही. एक प्रत घरच्यांकडे, एक नेहमीच्या डॉक्टरांकडे आणि एक ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्यायची. मन बदललं तर कागद केव्हाही लेखी रद्द करता येतो.

आई घाबरेल, म्हणून स्पष्ट लिहिते. हा कागद केला म्हणजे उपचार नाकारले असं नाही. बरं होण्याची आशाच उरली नसेल तेव्हाच तो कामी येतो, आणि तेव्हाही डॉक्टरांची दोन मंडळं तपासून ठरवतात. उद्या पुन्हा तोंड वाकडं झालं, हात पडला, बोलणं अडखळलं, तर कुणी कागद शोधत बसू नका. 108 ला फोन करा आणि सीटी स्कॅन असेल अशाच दवाखान्यात न्या. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात, म्हणून नाना शेवटचे नीट कधी होते ती वेळ लक्षात ठेवा.

आता तुम्हाला विचारायचंय ते. गिळणं बंद झालं तर नाकातून नळी चालेल का? ती काढता येत नसेल तर पोटातून कायमची नळी चालेल का? चहा अजूनही कधी कधी ठसका लावतो, असं वहिनी म्हणते, त्यामुळे हा प्रश्न काही दूरचा नाही. मशीनवर ठेवायचं का, आणि किती दिवस? पहिल्या काही दिवसांत कितपत भरून येईल हे कुठल्याही डॉक्टरला ठामपणे सांगता येत नाही. म्हणून ‘दोन आठवडे सगळं करा, मग पुन्हा बसून ठरवा’ असंही लिहिता येतं. मला तेच जास्त पटतं, पण तुम्ही तुमचं सांगा.

शेताचंही बोला. किती खर्च करायचा आणि कुठे थांबायचं, हे तुमच्या तोंडून आलं नाही तर दादा बाग गहाण टाकेल आणि कुणाचं ऐकणार नाही.

आणि कशासाठी जगावंसं वाटतं तेही लिहा. माणसं ओळखता येणं, ओट्यावर बसता येणं, आखाजीला लेकी घरी आलेल्या बघणं, जे असेल ते. इथे माझा अनुभव आहे की डॉक्टरांना नळ्यांच्या यादीपेक्षा याचाच जास्त उपयोग होतो.

तुमच्या वतीने बोलणारी एकापेक्षा जास्त नावं घालता येतात. दादाचं घालाच, पण वहिनीचंही घाला. तुमचा अर्धा शब्द तिला आमच्या सगळ्यांच्या आधी कळतो. माझं नको. मी लांब आहे, रात्री दोनला माझा फोन लागेलच असं नाही.

‘बठ्ठं चांगलं व्हई’ असं म्हणून विषय टाळू नका, नाना. चांगलं व्हावं असं मलाही वाटतंच.

दादा, नेहमीच्या डॉक्टरांना आधी भेट. साक्षीदार घरचे नकोत, नानांचे शाळेतले सोबती चालतील. रविवारी व्हिडिओ कॉल लाव, नाना बोलतील तसं मी लिहून घेईन. सहीआधी ते त्यांना पुन्हा वाचून दाखवू.

आईला नमस्कार, पोरांना गोड पापा.

तुमची,
माई