धर्मांची ओळख एकाच साच्यात नको

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

जगातील धर्मांची ओळख करून देताना बहुतेक लेख तीनच गोष्टी विचारतात : संस्थापक कोण, ग्रंथ कोणता, देव कोणता. शीख धर्माला हा साचा बऱ्यापैकी बसतो. पण हिंदू धर्माला एक संस्थापकच नाही. बौद्ध आणि जैन मतात विश्वनिर्माता ईश्वर नाही. मग रकाना भरायचा म्हणून काहीतरी लिहिले जाते आणि चूक तिथेच होते.

ग्रंथांबाबत तर फारच घाई दिसते. प्रॉटेस्टंट बायबलमध्ये ६६ पुस्तके आहेत, कॅथलिक बायबलमध्ये ७३. ज्यूंचा धर्मग्रंथसंग्रह, तनाख, २४ ग्रंथांचा. प्रॉटेस्टंट जुन्या करारात तोच मजकूर ३९ पुस्तकांत मोजतात, कारण बारा लघुसंदेष्ट्यांची छोटी पुस्तके तिथे वेगवेगळी धरली जातात आणि शमुवेल, राजे यांसारख्या ग्रंथांचे दोन भाग होतात. कुराणातील ११४ सूरा (अध्याय) काळाच्या क्रमाने नाहीत, ढोबळमानाने मोठीकडून लहानीकडे आहेत. परंपरेनुसार सर्वांत आधी अवतरलेल्या आयती (वचने) ९६व्या सूरेत सापडतात! पहिल्या पानापासून वाचणाऱ्याला हे आधी सांगितलेच पाहिजे, नाहीतर तो गोंधळतो.

सन देतानाही कशाचा सन ते लिहावे. ६२२ हे प्रेषित मुहंमदांनी मक्केहून मदिनेला केलेल्या स्थलांतराचे वर्ष. कुराणाच्या आयती प्रथम अवतरल्या त्या ६१०च्या सुमारास. शिखांच्या आदिग्रंथाचे संकलन १६०४चे, त्याला गुरुपद मिळाले १७०८ मध्ये.

आपल्या पुरवणीत अशी लेखमाला आल्यास ‘स्थापना’ हा रकाना कृपया वगळावा.

– तौलनिक धर्माभ्यासाचे एक शिक्षक