गाडी गरम होते म्हणून दिली, हेड गॅस्केट सांगितली, निघाला फॅनचा रिले

प्रति,
कस्टमर केअर विभाग

विषय: बेळगावच्या तुमच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरनं चुकीचं निदान केलं आणि गरम होणारी गाडी तशीच परत दिली त्याबद्दल

नमस्कार,

मी खानापूरचा, तुमची पेट्रोल हॅचबॅक 2018 साली घेतली आणि आजपर्यंत एकही सर्व्हिसिंग बाहेर केलेलं नाही, सगळी बिलं फायलीत आहेत. जॉब कार्डाचा आणि बिलाचा फोटो सोबत जोडलाय.

गेल्या महिन्यात गोव्याहून येताना चोर्ला घाटात एका ट्रकच्या मागं दुसऱ्या गिअरवर चढत होतो तेव्हा टेम्परेचरचा काटा लाल रेषेकडं जायला लागला. गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं, बॉनेट उघडून चांगला पाऊण तास थांबलो (गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडायचं नसतंय, आत प्रेशर असतंय, उकळतं पाणी अंगावर येतंय). पुढं कणकुंबी ते जांबोटी रस्ता मोकळा मिळाला आणि काटा आपोआप मधे आला. दोन दिवसांनी आईला दवाखान्याला घेऊन बेळगावला आलो तर पिरनवाडीपर्यंत काही नाही, आणि टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटला दहा मिनिटं उभा राहिलो तर परत काटा वर. एसीचंपण तसंच, गाडी पळताना गार आणि उभी राहिली की गरम वारा.

हे सगळं मी तुमच्या अ‍ॅडव्हायझरला जसंच्या तसं सांगितलं होतं. त्यांनी लिहून घेतलं फक्त "ओव्हरहीटिंग". संध्याकाळी फोन आला की हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधलं सील) गेलीय, हेड उतरवून फेसिंग (घासून सपाट) करायला लागणार, 36,800 चं एस्टिमेट. कशावरून म्हणून विचारलं तर उत्तर नाही. एस्टिमेट सगळं इंग्रजीत, मराठीत नाहीतर कन्नडात समजावून सांगा, मला दोन्ही कळतात म्हटलं, तरी "टेक्निकल आहे सर" एवढंच. मी विचार करून सांगतो म्हणून गाडी मागितली तर तपासणीचे 1,450 आणि कूलंट बदलायचे 2,600 असे 4,050 रुपये घेतले. कूलंट आठ महिन्यांपूर्वी तिथंच बदललेलं आहे, मला न विचारता परत बदललं.

मी उद्यमबागेत मशिन शॉपमध्ये 19 वर्षं काम करतोय, गाडीचा मेकॅनिक नाही, पण यंत्र कसं तपासायचं एवढं कळतंय. रविवारी अंगणात बसलो. हेड गॅस्केट गेली असती तर ऑइलच्या झाकणाखाली दुधासारखा फेस दिसला असता, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर आला असता, गार इंजिन चालू केल्यावर रेडिएटरच्या तोंडाशी सारखे बुडबुडे आले असते, नाहीतर कूलंट कमी होत गेलं असतं, यातलं काहीतरी दिसायला पाहिजे होतं. यातलं एकही नव्हतं. मग गाडी चालू ठेवून एसी लावला आणि समोरून बघितलं, रेडिएटरचा फॅन फिरतच नव्हता! पळताना वाऱ्यानं रेडिएटर गार होतोय म्हणून मोकळ्या रस्त्यावर काटा बरोबर, आणि हळू चाललं किंवा थांबलं की वारा नाही, फॅनपण नाही, म्हणून गरम. गेटला आणि घाटात नेमकं तेच झालेलं.

इंजिन बंद करून गार होऊ दिलं, फॅनचा सॉकेट काढून दोन वायरनं बॅटरीचा करंट थेट दिला, फॅन जोरात फिरला, म्हणजे मोटर चांगली. फ्यूज काढून बघितला, शाबूत. मग राहिला रिले, म्हणजे फॅनचा करंट चालू-बंद करणारा स्विच. बॉनेटखालच्या बॉक्सच्या झाकणावर चित्र असतंय त्यात बघितलं तर माझ्या गाडीत हॉर्नचा रिले त्याच नंबरचा आहे, दोघांची अदलाबदल केली. फॅन सुरू झाला आणि हॉर्न बंद पडला. यापेक्षा स्वच्छ पुरावा कुठला पाहिजे? नवीन रिले 260 रुपयांना मिळाला. जुना उघडला तर आतले पॉइंट जळून काळे झालेत, तो मी जपून ठेवलाय, मागाल तेव्हा दाखवतो. त्यानंतर दोनदा चोर्ला घाट चढून आलो, काटा हलला नाही.

आता मला सगळ्यात लागलेली गोष्ट. गाडी देताना तुमच्या माणसानं मला सांगितलं, "काम करेपर्यंत सावकाश चालवा." फॅन बंद असलेली गाडी सावकाश चालवली की जास्त गरम होते!! मी त्यांचं ऐकून आईला बसवून घाटात हळूहळू गेलो असतो तर खरोखरच हेड वाकलं असतं, गॅस्केट गेली असती, आणि मग तुमचं एस्टिमेट बरोबर ठरलं असतं. तुमच्या स्कॅनरवरून फॅन चालू करायची कमांड देता येते, एक मिनिटाचं काम. गॅस्केटचा संशय होता तर निळ्या द्रवाची टेस्ट असते, कूलंटमध्ये इंजिनचा गॅस येत असला की तो पिवळा होतो. सिलिंडरमधलं कंप्रेशन (दाब) बघता येतं. यातलं काय केलं ते जॉब कार्डावर कुठंच नाही.

आमच्या तालुक्यात बरेचजण ऊसबिल आलं की गाडीचं काम काढतात. अशा माणसाला 36 हजार सांगितले तर तो तुमच्या नावावर विश्वास ठेवून देऊन टाकतो, त्याला रिले कुठं असतो हे माहीत असायची गरजच नाही, ते तुमचं काम आहे.

मला माझे 4,050 रुपये परत पाहिजेत, आणि हेड गॅस्केट कुठल्या टेस्टवरून ठरवली ते सही-शिक्क्यानं लेखी पाहिजे, मराठीत किंवा कन्नडात. इथून पुढं गरम होणाऱ्या गाडीचा फॅन आधी ग्राहकासमोर चालवून दाखवा आणि मगच हेडला हात लावा, एवढं त्या सेंटरला लेखी कळवा आणि त्याची कॉपी मला द्या. पंधरा दिवसांत उत्तर नाही आलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 नंबरवर तक्रार नोंदवणार आणि ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणं बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. 5 लाखांपर्यंत तिथं फी लागत नाही हे मला माहीत आहे.

आपला,
2018 पासूनचा एक ग्राहक
खानापूर, जि. बेळगाव