आमच्या चाळीतल्या काकांना

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

कोर्टाचा बेलीफ मालकांच्या दाव्याचं समन्स देऊन गेला त्या संध्याकाळी तुम्ही आईला म्हणालात, "वहिनी, हा खोली खाली करायचा हुकूम नाही. तुमचं म्हणणं मांडायला बोलावलंय." त्या रात्री आई जेवली ती तुमच्या त्या एका वाक्यामुळे.

बाबा गेल्यापासून मालक भाडं घेत नव्हते. आणि दाव्यात लिहिलं काय, तर भाडं थकवलं, शिवाय खोली सहा महिने बंद ठेवली! तुम्ही दोन्ही आरोप वेगळे करून समजावलेत. समन्स बजावल्यापासून ९० दिवसांत थकबाकी १५ टक्के सरळव्याजाने कोर्टात भरायची, पुढचं भाडं भरत राहायचं, कोर्ट सांगेल तो खर्च द्यायचा. मग १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार थकबाकीच्या कारणावरून खोली जात नाही. हे सांगून थांबला नाहीत, आमच्या वकीलबाईंना विचारून खात्री करून घ्यायला लावलीत. उभं आयुष्य कोर्टात नोकरी करूनही वकिलाचं काम तुम्ही स्वतःकडे घेतलं नाहीत, याचं मला फार कौतुक वाटतं.

बंद खोलीच्या आरोपाने आई खचली होती. आजी आजारी म्हणून ती गावी होती हे खरंच, पण मी इथेच राहत होते. तुम्ही म्हणालात, दावा दाखल झाला त्या तारखेपासून मागचे सहा महिने मोजा आणि तेवढ्या काळाची लाइटबिलं काढा. झेरॉक्सवर दर महिन्याच्या युनिटच्या आकड्याखाली पेन्सिलीने रेघ ओढलीत. मूळ बिलांना मात्र टाचणीही लावू दिली नाहीत. परत आलेल्या मनीऑर्डरी, त्यांवरचा 'घेण्यास नकार' हा शेरा, बाबांच्या नावाच्या भाडेपावत्या, आई त्यांच्यासोबतच राहत होती हे दाखवणारं रेशनकार्ड, सगळं तारीखवार लावून दिलंत.

आणि ती गॅलरीतली उलटतपासणी! तुम्ही स्टुलावर बसून चढ्या आवाजात विचारायचात, "तुम्ही खोटं बोलताय ना?" आई चिडून बाबांच्या आजारपणापासून सुरुवात करायची. तुम्ही हात वर करून थांबवायचात. विचारलं तेवढंच सांगा. प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारा. आठवत नसेल तर आठवत नाही म्हणा. पण काका, उत्तर काय द्यायचं हे तुम्ही तिला एकदाही पढवलं नाहीत. "जे घडलं तेच सांगा," एवढंच. त्यामुळेच धोबीतलावच्या लघुवाद न्यायालयात आई कुणाचं पाठ केलेलं नाही, स्वतःचं बोलली. मालकांच्या वकिलांनी आवाज चढवला तरी ती गडबडली नाही. "मुलगी खोलीत राहत होती, बिलं दाखल केली आहेत," म्हणाली आणि गप्प राहिली. मागच्या बाकावर बसून मला भरून आलं.

निकाल अजून लागायचा आहे, पुढच्या तारखेला युक्तिवाद आहे. तो काहीही लागो, कोर्टाच्या नुसत्या नावाने थरथरणारी माझी आई तिथे ताठ उभी राहिली, याचे आभार आम्ही कसे मानावेत ते कळत नाही.

दुसऱ्या मजल्यावरच्या मावशींनाही परवा समन्स आलंय. घाबरल्या आहेत. रविवारी त्यांना तुमच्याकडे घेऊन येऊ का?

तुमची,
समोरच्या खोलीतली मुलगी